मोठी कॉन्फरन्स म्हणजे मोठा फायदा? आधी वजाबाकी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी व्हॉलीबॉल खेळते आणि वॉशिंग्टन राज्यातल्या दोन विद्यापीठांशी बोलणी चालू आहेत. सिअ‍ॅटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन २०२४ पासून बिग टेन या कॉन्फरन्समध्ये आहे. पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट मोडक्या पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये मागे राहिलं. 'बिग टेनकडे इतका पैसा आहे, मग मुलीचं भलं तिथेच ना?'

पैसा आहे, यात वाद नाही. पण तो कशासाठी मिळतो, कधीपासून मिळतो आणि हाती पडेपर्यंत त्यातून काय काय कापलं जातं, हे बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. व्हॉलीबॉलपुरतं बोलायचं तर 'मागे राहिलेल्या' विद्यापीठाचं वेळापत्रक जास्त सुसह्य असू शकतं. हे ऐकायला उलटं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉन्फरन्स म्हणजे आपसात सामने खेळणारा आणि त्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकणारा विद्यापीठांचा गट. १९८४ पर्यंत फुटबॉलचे (म्हणजे अमेरिकी फुटबॉलचे) टीव्ही हक्क एनसीएए ही कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था स्वतःच्या मुठीत ठेवत असे. त्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली आणि हक्क विद्यापीठांकडे, त्यांच्या वतीने कॉन्फरन्सकडे, आले. गेल्या ४० वर्षांत झालेली सगळी फोडाफोड त्या निकालातून निघाली आहे. कराराची किंमत ठरते ती मुख्यतः फुटबॉलवरून. फुटबॉल संघ मोसमात चार-पाच वेळाच बाहेर जातो, आठवड्याच्या शेवटी, स्वतंत्र विमानाने. त्याला चार हजार किलोमीटर जड जात नाहीत. व्हॉलीबॉलच्या मुली मात्र आठवड्याला दोन सामने खेळतात. म्हणजे नकाशा आखला फुटबॉलसाठी, आणि प्रवास बाकीच्यांच्या वाट्याला आला.

आता पैशाचं बघू. बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला. बातम्यांतून जो दर विद्यापीठाचा आकडा फिरतो, तो जुन्या सदस्यांचा पूर्ण वाटा आहे. वॉशिंग्टन आणि ऑरेगन अर्ध्या वाट्यावर आत गेले: सुरुवातीला वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर, मग दरवर्षी १० लाखांची वाढ, हे २०२९-३० पर्यंत. मोडण्याआधीच्या २०२२-२३ या वर्षात पॅक-१२ प्रत्येक सदस्याला सगळं मिळून सुमारे ३ कोटी ३६ लाख देत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवताना एक लक्षात घ्या: पहिला निव्वळ टीव्हीचा आहे, दुसऱ्यात प्लेऑफ आणि बास्केटबॉलचे पैसेही धरलेले आहेत. तरीही इतकं स्पष्ट दिसतं की पहिली काही वर्षं वॉशिंग्टनच्या तिजोरीत घबाड येत नाही. त्यांनी घेतली ती पुढच्या कराराच्या टेबलावरची खुर्ची.

त्या ३ कोटींतून पहिली मोठी वजावट खेळाडूंच्या मानधनाची. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी 'हाउस' समझोता मंजूर केला. त्यानुसार सहभागी विद्यापीठ २०२५-२६ मध्ये खेळाडूंना थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देऊ शकतं. ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. पण बिग टेनमध्ये राहून कमी देणारा फुटबॉल संघ टिकत नाही, म्हणून मोठी विद्यापीठं मर्यादेच्या आसपासच जातात, आणि त्यातला बहुतेक पैसा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. नंतर वाढलेला प्रवासखर्च आणि स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते. बिग टेनचा पैसा व्हॉलीबॉलपर्यंत झिरपेलच असं गृहीत धरू नका. झिरपतो तो प्रशिक्षकांचे पगार, आहारतज्ज्ञ, फिजिओ, कधी चार्टर विमान या रूपात, आणि प्रत्येक विद्यापीठात त्याचं प्रमाण वेगळं असतं.

बाकीच्यांनीही असेच सौदे केले आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅल सात वर्षं फक्त ३० टक्के टीव्ही वाटा घेण्याच्या अटीवर एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेले. डॅलसच्या एसएमयूने तर तिथेच जाण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीचा पैसा सोडून दिला, कारण त्यांच्यामागे धनाढ्य देणगीदार उभे होते. पहिल्याच मोसमात, २०२४ मध्ये, त्यांनी फुटबॉल प्लेऑफ गाठली. ज्या विद्यापीठामागे असे देणगीदार नाहीत त्याने एसएमयूकडे बोट दाखवून हाच मार्ग धरला, तर त्याची गत बिकट होईल. कॅलच्या डोक्यावर स्टेडियम आणि क्रीडा केंद्राचं ४० कोटी डॉलरहून जास्त कर्ज आहे. लॉस एंजेलिसचं यूसीएलए पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये गेल्याने कॅलचं नुकसान झालं, म्हणून एकाच सरकारी विद्यापीठ-व्यवस्थेतल्या यूसीएलएने कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, असं दोघांच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवलं. घर सोडून गेलेल्या भावाने मागे राहिलेल्याला पोटगी द्यावी तसा हा प्रकार आहे, आणि माझ्या मते तो न्याय्य आहे.

कोण कधी बाहेर पडू शकतं, हे दोन कागदांवर ठरतं: बाहेर पडण्याचा दंड, आणि 'ग्रँट ऑफ राइट्स'. दुसऱ्या कागदाने विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक मुदतीपर्यंत कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. ती मुदत संपायच्या आत निघालात तर तुम्ही जाता, हक्क मागेच राहतात, मग नव्या कॉन्फरन्सला तुमचा उपयोग काय? टेक्सस आणि ओक्लाहोमा यांना बिग १२ ही कॉन्फरन्स फक्त एक वर्ष आधी सोडायची होती, त्यासाठी दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले. मेरीलँडला २०१४ मध्ये एसीसीशी ३ कोटी १४ लाखांवर तडजोड करावी लागली. एसीसीचा कागद २०३६ पर्यंतचा. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन यांनी तो तोडण्यासाठी खटले भरले आणि मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली: २०२६ मध्ये निघाल्यास १६ कोटी ५० लाख, पुढे दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी कमी होत २०३०-३१ पर्यंत ७ कोटी ५० लाख, आणि पैसे भरल्यावर हक्क विद्यापीठाकडे परत. बिग टेन आणि बिग १२ चे टीव्ही करारही २०३० च्या सुमाराला संपतात. म्हणून पुढची मोठी उलथापालथ तेव्हाच होईल असं मला वाटतं. तुमची मुलगी २०२६ मध्ये दाखल झाली तर तोवर तिचं शिक्षण पूर्ण झालेलं असेल. धाकटं भावंड खेळत असेल तर मात्र तारखा लिहून ठेवा.

पॅक-१२ बुडाली ती याच कागदांच्या तारखांवर. टीव्ही करार आणि ग्रँट ऑफ राइट्स दोन्ही २०२४ च्या उन्हाळ्यात एकदमच संपत होते, त्यामुळे तेव्हा निघणाऱ्याला दंडच नव्हता. त्याआधीच्या चुका वेगळ्या. २०१२ मध्ये काढलेल्या स्वतःच्या वाहिन्या डायरेक्टटीव्ही या उपग्रह टीव्ही सेवेवर कधीच आल्या नाहीत, त्यामुळे लाखो घरांत सामने दिसलेच नाहीत. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनला जायचं जाहीर केलं आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली. त्यानंतर ईएसपीएन या क्रीडावाहिनीने दर विद्यापीठामागे सुमारे ३ कोटींची तयारी दाखवली असताना कुलगुरूंनी ५ कोटी मागितले, आणि बोलणी फिसकटली. बिग १२ ने मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये २२८ कोटींचा सहा वर्षांचा करार, सदस्यामागे सुमारे ३ कोटी १७ लाख, उरकून टाकला. पॅक-१२ कडे शेवटी उरला तो अ‍ॅपलचा प्रस्ताव, ज्यातला मोठा भाग किती लोक वर्गणी भरतात यावर अवलंबून होता. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच विद्यापीठं निघाली. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा असलेली कॉन्फरन्स अशी विस्कटावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

उरले वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट. निघून जायची सूचना देणाऱ्याचं मंडळावरचं मत जातं, असं कॉन्फरन्सच्या नियमांत होतं. त्याच मुद्द्यावर दोघांनी कोर्टात जाऊन मालमत्तेवर ताबा मिळवला. निघणाऱ्या दहांनी तडजोडीत मिळून ६ कोटी ५० लाख सोडले. ताबा एवढा मोलाचा का, तर एनसीएएच्या पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्याचं, अंतिम सामना सोडून, एक 'युनिट' मिळतं. त्याचे सुमारे २० लाख डॉलर सहा वर्षांत विभागून येतात आणि ते कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होतात. संघ निघून गेला तरी त्याने कमावलेली युनिटं मागेच राहतात.

नियम असा की फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतल्या कॉन्फरन्सला किमान आठ फुटबॉल सदस्य लागतात, आणि संख्या घटली तर दोन वर्षांची सवलत मिळते. म्हणून त्यांनी बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट यांना माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून वळवलं. आठवं टेक्सस स्टेट, ते जून २०२५ च्या शेवटच्या दिवशी आलं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याचा दंड ५० लाखांवरून १ कोटी होणार होता. फुटबॉल नसलेलं गोन्झागाही त्यांच्यात आहे. ही नवी पॅक-१२ जुलै २०२६ पासून सुरू होते.

तोवरची दोन वर्षं वॉशिंग्टन स्टेटचा व्हॉलीबॉल संघ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळला. तिथले प्रतिस्पर्धी कोण? स्पोकेनचं गोन्झागा, पोर्टलंड, सॅन फ्रान्सिस्को, सांता क्लारा, पेपरडाइन, सॅन डिएगो. सगळे पश्चिमेतले, सगळे एकाच घड्याळावर. सिअ‍ॅटलच्या मुलींना ऑरेगन, यूएससी आणि यूसीएलए सोडले तर प्रत्येक बाहेरचा सामना मध्य किंवा पूर्व भागात असतो. सगळ्यात जवळच्यांपैकी एक मिनेसोटा, तेही दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे आणि दोन तास पुढे. न्यू जर्सीचं रटगर्स तीन तास पुढे. कॉन्फरन्स एका फेरीत दोन प्रतिस्पर्धी बसवते, त्यामुळे फेऱ्या कमी होतात. पण प्रत्येक फेरी लांबते आणि बुडालेले तास सलग येतात. प्रयोगशाळेचा विषय असेल तर हे सलग बुडणं जास्त नडतं.

एक तपशील पालकांच्या नजरेतून सुटतो. सिअ‍ॅटलला क्वार्टर पद्धत आहे, वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात. व्हॉलीबॉल ऑगस्टअखेर सुरू होतं, म्हणजे पहिला महिना तासांशिवाय. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दाट वेळापत्रकात दहा आठवड्यांचं क्वार्टर धावत असतं, आणि डिसेंबरच्या परीक्षा राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्यांवर येतात. पुलमनला सेमिस्टर, त्यामुळे तोच अभ्यास जास्त आठवड्यांत पसरतो. बायोलॉजी, इंजिनिअरिंग असं काही डोक्यात असेल तर याचा आधी विचार करा.

पुलमनचा धोका वेगळा आहे, तो लपवत नाही. उत्पन्न घटलं आहे आणि कात्री चालते आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी ट्रॅक अँड फील्डमधल्या उड्या-फेकीचे प्रकार बंद केले आणि भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. प्रतिस्पर्धीही बिग टेनच्या तोडीचे नाहीत: नेब्रास्का, पेन स्टेट, विस्कॉन्सिनविरुद्ध दरवर्षी खेळायचं असेल, पुढे व्यावसायिक खेळायचं असेल, तर सिअ‍ॅटलला तोड नाही.

आकडे स्वतः तपासा. दोन्ही विद्यापीठं सरकारी आहेत, त्यामुळे एनसीएएला दिलेला वार्षिक आर्थिक अहवाल माहिती-अर्ज करून मिळतो. त्यात तीन ओळी बघा: व्हॉलीबॉलचा संघप्रवास, 'विद्यापीठाकडून मदत' आणि 'विद्यार्थी शुल्क'. शेवटच्या दोन वाढत असतील तर खेळ खात्याची तूट बाकीचे विद्यार्थी भरून काढत आहेत. कॉन्फरन्स कुणाला किती देते ते तिच्या फॉर्म ९९० या करविवरणात असतं, पण तो वर्षभर उशिरा येतो. ईएडीए हा क्रीडा खात्याच्या जमाखर्चाचा सरकारी अहवाल सगळ्यांचा मिळतो, मात्र त्यात जमा आणि खर्च अनेकदा सारखेच दाखवलेले असतात, म्हणून नफा-तोटा त्यावरून काढू नका.

प्रशिक्षकांना विचारायचं ते नेमकं विचारा. गेल्या मोसमातल्या प्रत्येक दौऱ्याचं निघण्या-परतण्याचं वेळापत्रक ईमेलने मागा. चार्टर किती वेळा, नेहमीचं विमान किती वेळा? हाउस समझोत्यात सहभागी विद्यापीठात व्हॉलीबॉलच्या संघात कमाल १८ जणी राहू शकतात; पूर्वीची १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण शिष्यवृत्त्या वाढवणं बंधनकारक नाही. तेव्हा १८ पैकी किती जणींना पूर्ण शिष्यवृत्ती आहे ते विचारा. जुनं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने विद्यापीठाला द्यायचं बांधिलकीचं पत्र, २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद. रक्कम, किती वर्षं आणि दुखापत झाल्यास काय, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि मुलगी एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असेल तर मानधनाच्या किंवा जाहिरातींच्या पैशाला होकार देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. शिष्यवृत्ती चालते, पण खेळण्याबद्दल किंवा प्रसिद्धीबद्दल घेतलेला पैसा अनधिकृत काम ठरू शकतो, आणि क्रीडा खात्यातल्या माणसाने 'सगळे घेतात' म्हटलं तरी व्हिसा त्याचा जात नाही.