फोंड्याहून लिस्बनला येतेस, विचारलंस म्हणून

व्हिसा, बँक, भाड्याचा करार यांबद्दल मी लिहीत नाही. ते वकिलातीच्या साइटवर आहे, आणि तुझ्या नवऱ्याची कंपनी बघेलच. तू विचारलंस की तीन वर्षांसाठी येतोय, मुलगा दुसरीत आहे, त्याच्या शाळेचं कसं, सुट्टीच्या दिवशी काय करता आणि करमतं का. साधेच प्रश्न. पण वाचून माझी उगाच चिडचिड झाली, म्हणून हे लांबण.

कागदांचं एकच सांगते. मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. इथल्या कचेरीच्या खिडकीतल्या बाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेनाचं टोक एका नावावरून दुसऱ्यावर नेलं आणि विचारलं, "मग मुलीची आई कुठे आहे?" मी समोर उभी! इथे जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर आईबापांचं नाव लागतं. तेव्हा निघण्याआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाचा दाखला नव्याने काढ, दोन्ही नावं एकाच बाईची असं अ‍ॅफिडेव्हिट कर आणि सगळ्यावर अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणूनचा सरकारी शिक्का, मारून घे. आमचं रेसिडेन्स कार्ड संपलं तेव्हा नवीन काही येईना, विचारलं की 'प्रक्रियेत आहे'. जाता आलं नाही, त्यात धाकट्या दिराचं लग्न गेलं. डिचोलीच्या मांडवात सगळी जमली होती आणि मी स्वयंपाकघरात फोनसमोर अक्षता टाकल्या. त्याची भरपाई कोण करणार?

रविवारचं मात्र छान. महिन्याचा ४० युरोंचा पास काढला की लिस्बन आणि आजूबाजूची बस, मेट्रो, लोकल, बोट सगळं त्यात. आम्ही काइस दु सोद्रेच्या धक्क्यावरून बोटीने नदीपलीकडे कासिल्यासला जातो. दहाएक मिनिटं, थेट पणजी-बेती फेरीबोटीची आठवण, फक्त मोटरसायकली नाहीत. कधी लोकलने समुद्रकाठच्या कश्काइश गावी, सगळी वाट पाण्याच्या कडेने. समुद्र ऑगस्टमध्येसुद्धा इतका गार की गोव्याची माणसं किनाऱ्यावर स्वेटर घालून बसतात. बांगडा मिळत नाही, त्याचा भाऊबंद कावाला मिळतो. तिरफळं आणि सोलां (आमसुलं) मात्र घेऊन ये. नारळ, मसाले लिस्बनच्या मार्तिम मोनिश भागातल्या दुकानांत मिळतात.

चतुर्थी घरीच करतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या चौकटीला, सुपारीचे घोस कुठून आणणार? मक्याची कणसं, हिरवी चेस्टनट आणि डाळिंबं बांधतो. आरत्या मराठीतूनच, मुलगी मोबाइलवर बघून म्हणते. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे. तिथे बहुतेक गुजराती, मोझांबिकहून आलेले, दीवचे. माणसं प्रेमळ, जेवण उत्तम.

आता शाळा. वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतं. परक्या मुलांना पोर्तुगीज वेगळं शिकवायची सोय सरकारी शाळांतही असते, आणि दुसरीतलं पोर बोलायला लागेल, त्याची काळजी नको. पहिली चार वर्षं मजेत जातात. पाचवीत इतिहास येतो.

लिस्बनच्या बेलेम भागात आम्ही कितीदा तरी गेलोय. राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोरच्या बागेत अफोन्सो द आल्बुकेर्क खांबावर उभा आहे, १५१० साली ज्याने गोवा घेतला तोच. त्याच्या पायथ्याशी बसून आम्ही पोळीभाजी खाल्ली आहे, काही वाटलं नाही. पण वर्गात शिक्षिकेने मुलीला उभं करून "ही गोव्याची, म्हणजे पूर्वी आपलीच" असं सांगितलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पालकांच्या बैठकीत १९६१ साली गोवा भारतात आला त्याला मी मुक्ती म्हटलं, शिक्षिका हसून 'आक्रमण' म्हणाल्या. बाकीचे पालक घड्याळाकडे बघत होते. बाहेर आल्यावर मुलगी माझ्यावरच उखडली, "तू का बोललीस?" ते अजून सलतं.

पुढच्या शनिवारी तिला पेनिशला नेलं. लिस्बनपासून शंभरेक किलोमीटर, समुद्राला लागून किल्ला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग. २०२४ पासून तिथे पूर्ण संग्रहालय झालंय. गोव्याच्या चळवळीतले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर इथेच डांबले होते. त्याच कोठड्यांत सालाझारला नको असलेले पोर्तुगीजही होते, हे तिला जास्त पटलं. सोमवारी शिक्षिकेला जाऊन सांगितलंन् म्हणे. काय सांगितलं ते मला सांगत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे गेलं की संध्याकाळी साडेपाचला काळोख, घरात हीटर नाही, भिंतीला बुरशी. हवेतली ओल शोषणारं डिह्युमिडिफायर यंत्र घे.

गोव्यात गेलं की मावशीपासून सरपंचापर्यंत सगळे विचारतात, "अजून पोर्तुगीज पासपोर्ट केला नाहीत?" सासरे मुक्तीच्या आधी जन्मलेले, म्हणजे पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंदणी करता येते, गावातली अर्धी मुलं त्यावरच इंग्लंडला गेली. पण तो घेतला की भारताचा परत करावा लागतो. आधी मी ताडकन 'नाही' म्हणायचे. हल्ली 'बघू' म्हणते. सासऱ्यांचा जन्मदाखला मागच्या खेपेला नवऱ्याने बॅगेत घालून आणला, मी पाहिलं, विचारलं नाही.

तुझा मुलगा परत जाईल तेव्हा पाचवीत असेल. फोंड्याच्या शाळेत आत्ताच बोलून ठेव, कुठल्या वर्गात घेतील आणि मराठीचं काय करतील ते. आम्हीही तीन वर्षांसाठीच आलो होतो. माझी आता सातवीत आहे. आमच्या परतीचं मला सध्या विचारू नकोस.