दुखावलेल्या मेंदूवर गोळीचा मारा कशाला?

"मॅडम, गोळी घ्यायची की नाही एवढंच सांगा. बाकीचं मी बघते." पहिल्या भेटीत खुर्चीत टेकता टेकताच त्या म्हणाल्या आणि पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. बारा दिवसांपूर्वी आणलेलं, अजून न फोडलेलं. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलचे तपशील बदलले आहेत.)

सात आठवड्यांपूर्वी ओल्या फरशीवर पाय घसरून त्यांचं डोकं मागून आपटलं होतं. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरांनी कन्कशन, म्हणजे डोकं आपटून मेंदूला बसलेला हादरा, झाल्याचं सांगून घरी पाठवलं. पुढे डोकेदुखी उतरत गेली आणि भीती चढत गेली. त्यांचं काम हिशेबाचं. एक बेरीज चुकली की छातीत धडधड, हात गार, आणि 'मेंदू कायमचा बिघडला' हा एकच विचार. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही चिंता आणि नैराश्यावरची गोळी लिहून दिली, पण त्यांचं म्हणणं असं, की मेंदू आधीच दुखावलाय, त्यावर पुन्हा मेंदूवरच काम करणारी गोळी कशी घेऊ?

डोक्याला मार लागलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी बरेचदा ऐकते आणि मला तो अगदी रास्त वाटतो. गोळी लिहून देणं किंवा बंद करणं माझ्या अखत्यारीत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं. पण तिच्याबद्दलची भीती उलगडून बघणं हे माझंच काम.

कन्कशनमध्ये स्कॅनवर मेंदू बहुधा धड दिसतो. बिघडतं ते पेशींचं काम, आणि तेही तात्पुरतं. बहुतेक मोठ्या माणसांना काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत बरं वाटतं. काहींच्या बाबतीत मात्र मधेच एक चक्र सुरू होतं. गरगरलं की भीती वाटते, भीतीने श्वास जोरात चालतो आणि जोरात श्वास घेतल्यामुळे आणखी गरगरतं. मेंदूला लागलेला मार या गोळीने भरून येत नाही. तिने हे चक्र सैल पडतं, आणि मग बोलणं, चालणं, कामावर परतणं यांचा उपयोग व्हायला लागतो. डोक्याला मार लागल्यानंतरही डॉक्टर ही औषधं देतात, फक्त डोस लहान ठेवून, हळूहळू वाढवत. परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात.

त्यांनी गोळी सुरू केली आणि पाचव्या दिवशी फोन आला. "डोकं जड झालंय, मळमळतंय, झोप नाही, हात थरथरतात. मी म्हटलं होतं ना?" गोळी त्यांनी आदल्या रात्रीच बंद केली होती.

इथे चूक माझी होती. इतकं समजावलं, पण गोळीच्या आधी काय काय होत होतं ते लिहून ठेवायला सांगितलं नव्हतं. या औषधांचे सुरुवातीचे त्रास आणि कन्कशनचे त्रास जवळजवळ जुळ्यासारखे दिसतात. आधीची नोंद नसेल तर गोळीमुळे काय होतंय आणि मारामुळे काय, हे कुणालाच सांगता येत नाही. मी त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला सांगितलं. डॉक्टरांनी डोस निम्मा केला आणि गोळी सकाळी घ्यायला सांगितली. आम्ही एक वही केली. डोकेदुखी, गरगरणं, झोप, धडधड. प्रत्येकाला रोज शून्य ते दहा गुण.

वही भरताना आणखी एक गोष्ट बाहेर आली. नातेवाइकांकडची अल्प्राझोलाम या चिंता शमवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी त्या बरेच दिवस रात्री घेत होत्या, आणि वेदनाशामक गोळी जवळजवळ रोज. हेही मी विचारलं नव्हतं. अल्प्राझोलामने चटकन शांत वाटतं, पण आठवण आणि तोल दोन्ही मंदावतात. मेंदू बिघडल्याचा जो पुरावा त्या रोज शोधत होत्या, त्यातला काही ही अर्धी गोळीच तयार करत असणार. शिवाय तिची सवय लागते. नेमाने घेतलेली गोळी एकदम थांबवली तर फिटचे झटकेही येऊ शकतात, म्हणून तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी झाली. वेदनाशामक गोळी महिन्यातून दहा-पंधरा दिवसांहून जास्त घेतली तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आयबुप्रोफेनसारखी असेल तर एस्सिटालोप्रामबरोबर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. घरात कुणाचीही, कितीही छोटी गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लाज वाटली तरी सांगा.

आणि प्रत्येक त्रास चिंतेच्या किंवा गोळीच्या खात्यावर टाकू नका. डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली किंवा माणूस उठवूनही उठेना, तर थेट रुग्णालय गाठायचं. गोळी सुरू केल्यावर जीव तगमगायला लागला किंवा जगणं नको असे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पंचविशीच्या आतल्यांच्या घरच्यांनी यावर जास्त लक्ष ठेवावं.

आणखी एक अडचण होती. त्या कित्येक आठवडे पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत पडून राहत होत्या. 2022 साली अ‍ॅमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथल्या तज्ज्ञांनीही सापेक्ष, म्हणजे पूर्ण पडून न राहता घेतलेली, विश्रांती पहिल्या 48 तासांपर्यंतच सुचवली आहे; त्रास फारसा वाढत नसेल तर हलकं चालणं-फिरणं त्या काळातही सुरू करता येतं. आम्ही पंधरा मिनिटं चालणं आणि वीस मिनिटं हिशेब इथून सुरुवात केली. त्रास थोडा वाढला तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच करायचं.

सहाव्या आठवड्यात त्या आल्या त्या वही उघडतच. "काल बेरीज चुकली. खोडली, पुन्हा केली. धडधडलं नाही, हे रात्री वही भरताना लक्षात आलं."

आता त्या विचारतात, गोळी कधी थांबवायची? ते डॉक्टर ठरवतील. बरं वाटू लागल्यानंतरही सहसा सहा महिने तरी ती चालू ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. एकदम सोडली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात विजेसारखा झटका असं काही जाणवू शकतं, आणि तेही पुन्हा कन्कशनसारखंच वाटेल. हे ऐकल्यावर त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि वर लिहून ठेवलं: 'गोळी कमी करण्याआधीचं'.