टेकता टेकता विमान पुन्हा वर का गेलं?

प्रश्न : मुंबईत उतरताना धावपट्टी अगदी खाली दिसत होती, तेवढ्यात विमान जोरात वर उचललं गेलं. अपघात टळला म्हणायचा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. याला 'गो अराउंड' म्हणतात. वैमानिक त्याचा सराव सिम्युलेटरवर नेहमी करतात.

मुंबईच्या 09/27 आणि 14/32 या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर उतरणारी आणि उडणारी विमानं आलटून पालटून बसवायची! उतरणारं विमान ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाने येतं, म्हणजे एक सागरी मैल (सुमारे 1.85 किलोमीटर) साधारण 26 सेकंदांत. पुढचं विमान ठरलेल्या वळणावर धावपट्टीबाहेर न पडता पुढच्या वळणापर्यंत गेलं, की हिशेब कोलमडतो. धावपट्टी मोकळी नसेल तर टॉवर, म्हणजे विमानतळावरचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, 'गो अराउंड' सांगतो. वारा फिरला किंवा विमान स्थिर नसेल, तर वैमानिक स्वतःच तो निर्णय घेतो. परवानगी मागत बसत नाही.

मग इंजिनांची ताकद वाढवायची, नाक वर, फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) एक टप्पा कमी, चढ नक्की झाल्यावरच चाकं आत. तुम्हाला बसलेला धक्का आणि आवाज त्याचाच.

मोठ्या विमानामागे अंतर आणखी वाढवावं लागतं. बोइंग 777 मागे एअरबस 320 असेल तर किमान 5 सागरी मैल, कारण पंखांच्या टोकांपासून निघणारे हवेचे भोवरे मागच्याला उलथवू शकतात.