गावाकडे राहावंसं वाटणं म्हणजे पळ काढणं का?

"मॅडम, मला आता शहर नको वाटतं. कुठेतरी लहानशा गावात शांत राहावंसं वाटतं. मी पळपुटी आहे का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी किती जणांकडून ऐकला याची मोजदाद नाही. शब्द तेवढे बदलतात. कुणी म्हणतं, माझ्यात जिद्दच उरली नाही. कुणी म्हणतं, घरचे हसतील. विचारणारे पंचविशीतले असतात तसे साठीतलेही. पहिल्याच भेटीत त्यांना माझ्याकडून होकार हवा असतो, नाहीतर सरळ नकार. मी दोन्ही देत नाही. का देत नाही, ते एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय एकेचाळीस, विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम, घर वर्दळीच्या रस्त्याला लागून. झोप तुटक. संध्याकाळी मुलाच्या हातून चमचा पडला तरी त्या त्याच्या अंगावर ओरडायच्या आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायच्या. काही महिन्यांपूर्वी दहा दिवस मावशीकडे गावाला राहून आल्या होत्या. तेव्हापासून एकच ध्यास, आणि त्या ध्यासाची लाजही.

आधी मी त्यांना कान आणि थायरॉइड तपासून घ्यायला लावलं. आवाज अचानक असह्य व्हायला लागले तर हे करावंच. शरीराचं दुखणं मनाच्या खात्यावर टाकू नये. दोन्ही तपासण्या ठीक आल्या.

दुसऱ्या भेटीला यजमान सोबत होते. माणूस प्रेमळ, पण वैतागलेला. "आवाज सगळ्यांनाच असतो. सवय होते. हिलाच का होत नाही?"

मी त्यांना न्यूयॉर्कमधल्या एका शाळेची गोष्ट सांगितली. शाळेच्या एका बाजूला उंचावरून जाणारा रेल्वेमार्ग होता. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 साली दाखवून दिलं, की त्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे पडत होती. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारी छतं बसवली, आणि काही वर्षांनी पाहिलं तर तो फरक उरला नव्हता.

"मुलांना कळत होतं का, आवाजामुळे होतंय ते?" त्यांनी विचारलं.

"सवय झाली होती ना त्यांना."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उन्हाळ्यातसुद्धा मी खिडक्या लावूनच झोपतो." त्या दिवसापासून घरात 'हिलाच का' हा प्रश्न बंद झाला. सवय होते ती कानाला. झोपेत जाग आली नाही तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात. शरीर आपला हिशोब ठेवतच असतं.

चौथ्या भेटीत जे घडलं ते माझ्या एकोणीस वर्षांच्या कामात मला फार मोलाचं वाटतं. मी त्यांना मावशीकडची एक दुपार आठवायला सांगितली. "काय ऐकू येत होतं?"

"काहीच नाही. शांतता."

"घाई नको. ओसरीवर बसलाय असं समजा."

त्यांनी डोळे मिटले. "वारा. मागच्या झाडात पक्षी होते, बरेच. लांब कुठेतरी पंप चालू होता. आणि शेजारी लाकडं फोडत होते. दोन घाव, मग थांबायचं. पुन्हा दोन घाव."

"मोठा होता तो आवाज?"

"हो, चांगलाच."

"मग त्रास झाला?"

त्यांनी डोळे उघडले. "नाही. शेजारचे आजोबा होते ते. मध्येच थांबले की मला वाटायचं, दमले असतील."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं, हे मला उशिरा उमगलं. मिनिटभराने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमच्याकडे खाली हॉर्न वाजतो ना, तो कुणाचाच नसतो."

त्यांना शांतता हवी होती असं त्या आणि मी, दोघीही धरून चाललो होतो. हवा होता तो धनी असलेला आवाज. कुठून येतो, का येतो, कधी थांबेल, हे ठाऊक असलेला.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग मला इथे नेहमी आठवतात. 1972 साली त्यांनी ते सविस्तर मांडले. लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवलं. काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर अवघड कोडी सोडवताना बटण असलेले जास्त वेळ चिकाटीने बसले. आवाज दोघांनाही तेवढाच होता. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्या जाणिवेने माणूस कमी थकतो. माझं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, हे मी मोकळेपणाने सांगते.

म्हणून आम्ही आधी बटणं शोधली. झोपण्याची खोली मागच्या बाजूला हलवली. रात्री जेवणानंतर तासभर टीव्ही आणि फोन बंद. आणि एक काम मी मुद्दाम त्यांच्यावर सोपवलं: रोज रात्री दचकवणारं खालच्या दुकानाचं शटर कुणाचं आहे, ते जाऊन बघायचं. त्या गेल्या, बोलल्या. दुकानदाराने शटरला तेल घातलं. आवाज थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. पण पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "आता शटर पडलं की कळतं, काका घरी निघाले."

झोप सुधारली, मुलावर ओरडणं जवळजवळ थांबलं. मग मी विचारलं, "गाव अजून हवंय?"

"हवंय. पण आता घाई नाही."

पळपुटेपणाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे ते हेच. जीव गुदमरत असताना माणूस कुठेही धावतो, ती निवड नव्हे. आधी असाल तिथे श्वास घेता येऊ द्या. त्यानंतरही ओढ राहिली तर ती तुमची आवड आहे, आणि तिची लाज बाळगण्याचं काहीच कारण नाही. ओढ विरली, तर तुम्हाला विश्रांती हवी होती. मात्र शांत जागी जाऊनही झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर घर बदलण्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. उदासीत घर विकू नये.

आणि पाहुणे म्हणून राहिलेल्या दहा दिवसांवर निर्णय घेऊ नका. या बाईंना मी महिनाभर, ऐन पावसात, ऑफिसचं काम सोबत नेऊन राहायला सांगितलं. मावशीकडे नाही, भाड्याच्या घरात. परत आल्या त्या डोळे उघडून. इंटरनेट अधूनमधून जायचं, दवाखाना लांब, संध्याकाळ संपता संपत नसे. "तिथले आवाज ओळखीचे, तसे डोळेही ओळखीचे. कुठे निघालात, हे चौघे विचारतात," त्या म्हणाल्या. ही किंमत त्यांना परवडणारी वाटली. यजमानांना लगेच वाटली नाही. त्यावर आमच्या आणखी तीन भेटी झाल्या. तेही बरोबरच. एकाची शांतता दुसऱ्याची कोंडी होऊ नये, यासाठी वेळ लागतोच.

मुलाची शाळा संपल्यावर, दोन वर्षांनी ते गेले. मध्यंतरी यजमानांचा फोन आला होता. "मॅडम, हिला छान झोप लागते. मला मात्र पहिले काही दिवस लागेना, रात्रभर एक कुत्रं भुंकायचं."

"मग?"

"मग काय, काल जाऊन विचारून आलो, कुणाचं आहे ते."