त्रिकोणातली दीर्घिका सापडत नाही

प्रश्न: माझी डॉब्सोनियन दुर्बीण १५० मिमीची, नाभीय अंतर १२०० मिमी. १० मिमीच्या आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) देवयानी दीर्घिका दिसते, त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका एम ३३ मात्र नाही. असं का?

उत्तर: १२० पट वर्धन फार झालं. एम ३३ पूर्ण चंद्राच्या दुपटीहून लांब आहे. तुमच्या आयपीसमध्ये आकाशाचा जेमतेम अर्धा अंश मावतो. दीर्घिकेची कडाच न दिसल्याने सगळं आकाश एकसारखं वाटतं. ३२ मिमीचा साधा प्लॉसल प्रकारचा आयपीस लावा. देवयानी दीर्घिकेपासून मिराक ताऱ्यापर्यंत या, साधारण तेवढंच पुढे जा. डोळे अर्धा तास अंधारात ठेवून तिरक्या नजरेने बघा, नळीला हलकी टिचकी द्या. हलणारा धूसर डाग लवकर जाणवतो. एम ३३ ची ५.७ ही प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, फसवी आहे, कारण प्रकाश पसरलेला असतो. शहरातून नादच सोडा.