इंग्रजीत ‘अँग्री’, ‘हंग्री’ सोडून जी-आर-वायने संपणारा तिसरा शब्द कोणता?

आज विचाराल तर ‘हँग्री’. भुकेने डोकं फिरलेला, या अर्थाचा हा शब्द २०१८ साली ऑक्सफर्डच्या कोशात गेला. पण कोडं त्याच्या कितीतरी आधीचं. १९७५ च्या सुमारास ते अमेरिकेत पसरलं, तेव्हा रोजच्या वापरातला तिसरा शब्द नव्हताच. मूळ कोडं बहुधा शब्दच्छलाचं असावं: ‘द इंग्लिश लँग्वेज’ यातला तिसरा शब्द कोणता? लँग्वेज. अँग्री-हंग्री नुसती दिशाभूल.

जुन्या कोशांत मात्र असे शब्द निघतात. ‘अ‍ॅग्री’ म्हणजे आजच्या घानाच्या भागात जमिनीत सापडणारे जुने रंगीत काचमणी. हा शब्द सहसा एकटा येत नाही, पुढे ‘बीड’ (मणी) लागतोच. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’मध्ये ‘अ‍ॅनहंग्री’ आहे, अर्थ भुकेलेला. ‘पगरी’ तर आपल्याच घरचा, हिंदी पगडीवरून गेलेला. ऊन मानेवर येऊ नये म्हणून साहेब लोक टोपाभोवती जी कापडी पट्टी गुंडाळत, ती. आपली पुणेरी पगडी डोळ्यांसमोर आणू नका.

मला सगळ्यांत आवडतो तो नुसता ‘ग्राय’. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सुचवलेलं लांबीचं माप. सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाच्या लांबीचा तिसरा हिस्सा म्हणजे एक फूट, त्याचा दहावा भाग इंच, इंचाचा दहावा भाग रेषा, रेषेचा दहावा भाग ग्राय. असा लंबक साधारण ९९.४ सेंटिमीटरचा, म्हणजे ग्राय भरतो सुमारे ०.३३ मिलिमीटर.

एवढे कमी का? ‘हंगर’, ‘अँगर’ यांना वाय लागताना मधला ई गळाला. ‘जिंजर’, ‘फिंगर’ यांना वाय लागला तेव्हा तो टिकला, म्हणून जिंजरी, फिंगरी, आणि शेवट झाला ई-आर-वाय.

स्वतः शोधायचं असेल तर साध्या शब्दयादीच्या फाइलवर ग्रेप (फाइलमधल्या जुळणाऱ्या ओळी शोधणारी संगणकाची आज्ञा) चालवा: जी-आर-वाय आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. डॉलर नसेल तर ही अक्षरं शब्दाच्या मध्ये असली तरी तो शब्द येतो. फाइल विंडोजवर बनलेली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं, त्यामुळे डॉलर लावूनही हाती शून्य येतं. आधी फाइल डॉसटूयुनिक्स या, ते अक्षर काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. मोठ्या-छोट्या लिपीचा भेद जावा म्हणून हायफन-आय लावा.

आणि कानावर जाऊ नका. अ‍ॅग्री (सहमत होणे), पेडिग्री, फिलिग्री हे देवनागरीत अगदी तसेच दिसतात, पण त्यांच्या शेवटी दोन ई आहेत. मराठीत पाठवलेल्या उत्तरांत ‘सापडला!’ म्हणून आलेले बरेच शब्द याच जातीचे असतात.