ओठ आणि आवाज जुळत नाहीत, आणि मला एडिटर व्हायचंय

प्रश्न : मी सांगलीत एसवायबीकॉमला आहे. आमच्या ग्रुपने स्वतः रचलेल्या गाण्याचा व्हिडिओ मी एडिट केला. शूटिंग एका कॅमेऱ्यावर आणि दोन मोबाइलवर झालं. सगळे टेक पाहून वहीत नोंदी मीच केल्या. पण दुसऱ्या कडव्यापासून ओठ आणि आवाज जुळत नाहीत. प्रत्येक ठेक्यावर कट दिलाय, तरी सगळे म्हणतात रटाळ झालाय. मला एडिटिंगच करायचंय. बाबा म्हणतात, रात्री-अपरात्रीचं काम मुलींना झेपत नाही. कॉलेज सोडून पुण्यात कोर्सला जाऊ का?

उत्तर : कॉलेज अजिबात सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमधला एडिटिंगचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. तिथे प्रवेश घ्यायचा तर पदवी हवीच, आणि ती बीकॉमची असली तरी चालते. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेचंही तसंच. आज कॉलेज सोडलंस तर हे दोन्ही दरवाजे तू स्वतःच बंद करशील.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वही. इफेक्ट्स आणि ट्रान्झिशन्स कुणालाही महिन्याभरात शिकता येतात. पण त्याच ओळीचे सगळे टेक न कंटाळता पाहून ‘हिची मान तिसऱ्यात छान वळलीय’ असं टिपून ठेवणारी माणसं फार थोडी असतात. एडिटरचं निम्मं काम तेच आहे. म्हणून तुझी आवड मी गंभीरपणे घेतेय.

आता व्हिडिओकडे वळू. मोबाइल दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो असं नाही, उजेड बदलला की संख्या थोडी हलते. सुरुवातीला जुळलेले ओठ पुढे सुटतात ते बहुधा त्यामुळेच. मोबाइलच्या सगळ्या क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर, म्हणजे दर सेकंदाला ठरावीक फ्रेमवर, काढून घे. मूळ फाइली मात्र जपून ठेव. मग रेकॉर्ड केलेलं गाणं टाइमलाइनवर टाकून ट्रॅक लॉक कर. शूटिंगच्या वेळी स्पीकरवर वाजणारं गाणं प्रत्येक टेकमध्ये आलेलंच असेल. त्याचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मूळ गाण्याशी जुळव. तपासताना प, ब, म ही अक्षरं शोध. ती उच्चारताना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे एक-दोन फ्रेमची चूकही तिथे पकडता येते.

रटाळपणाचं कारण तूच लिहिलंयस. समज, गाण्याचा टेम्पो १०० आहे, म्हणजे मिनिटाला १०० ठेके. मग ठेका दर ०.६ सेकंदाला पडतो, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर दर १५ फ्रेमला कट. पहिल्या अर्ध्या मिनिटातच डोळ्यांना त्याची सवय होते आणि मग कटाला काही अर्थच उरत नाही. कडव्याची अख्खी ओळ गाणारीच्या चेहऱ्यावर राहू दे. ओळ सुरू होण्याआधी ती श्वास घेते, तो श्वास कापू नकोस. मधल्या म्युझिकमध्ये हवे तेवढे कट घे. काही कट ठेक्याच्या एक-दोन फ्रेम आधी घेऊन बघ, जास्त सहज वाटतात.

बाबांची काळजी रास्त आहे. सुरुवात असिस्टंट एडिटर म्हणून होते : फुटेज कॉपी करणं, बॅकअप, सिंक, फोल्डर लावणं. पैसे कमी आणि डेडलाइन आली की रात्रीचं जागरण, हे मी लपवणार नाही. पण मुलींना झेपत नाही, हे मला मान्य नाही. रेणू सलुजा एफटीआयआयमध्येच शिकल्या आणि संकलनासाठी त्यांना चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. एडिटर बीना पॉलही तिथल्याच. घरी ही नावं सांग, आणि त्याच बोलण्यात कामावरून परतायची सोय, राहायची जागा हेही मोकळेपणाने ठरवा. बाबांना त्याचीच उत्तरं हवी असतील.

टीवाय होईपर्यंत हेच फुटेज पुन्हा एडिट कर, आणि एखादी शॉर्टफिल्म किंवा मुलाखतही, कारण नुसत्या म्युझिक व्हिडिओवर संवाद कापायला शिकता येत नाही. गाणं तुमचं स्वतःचं आहे हे चांगलं, तरी ते इंटरनेटवर टाकण्याआधी गीत, चाल, गायन करणाऱ्या सगळ्यांची लेखी परवानगी घे. नवा कट झाला की बाबांना शेजारी बसवून दाखव. ‘कसा वाटला’ असं विचारू नकोस. त्यांची नजर स्क्रीनवरून हटली की ते मिनिट-सेकंद त्याच वहीत लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशी तिथपासून कामाला लाग.